थोरलीच्या वाटीत शिंपल्यांचं पाणी

१८ फेब्रुवारी

सण संपला, पाहुणे गेले, आणि आज थोरलीनं मला विचारलं, "शिंपल्या कशा दिल्यास ग?"

मी तिच्याच अंगणात, तिच्याचसाठी तांदूळ निवडत बसले होते. सत्तावन्न वर्षं आम्ही दोघी एका छपराखाली राहतोय. म्हटलं, "ताई, मी लाय."

"असशील," ती म्हणाली, "पण मला नको बाई. माझं व्रत आहे. आमच्या ह्यांना मात्र भारी आवडतात. ते दुकानातून आले की ये परत."

हे म्हणजे खाम. तिचे हे, तसे माझेही हे. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. थोरलीचं, म्हणजे विएनचं, वय आता एक्क्याण्णव, माझं अठ्ठ्याहत्तर. ती त्यांची पहिली बायको, मी दुसरी. आमच्या ह्वे शहरात पूर्वी असं चालायचं, कुणी नाक मुरडत नसे. पहिलीला मूल झालं नाही म्हणून दुसरी आली. मी आले आणि वर्षाच्या आत बाओ झाला. बोलायला लागला तेव्हापासून तो तिला 'मा' म्हणतो आणि मला 'मावशी'. तीही रीतच. नऊ महिने मी वागवला, आई ती झाली.

आज तिनं मला पुन्हा शिंपलेवाली केली. मी होतेच म्हणा. नदीतल्या कोन हेन बेटावरची, कावडीनं शिंपल्या विकणारी. पण तिच्या तोंडून ऐकताना अंगाची लाही लाही झाली. दुपारी तिच्या चहात साखर घातलीच नाही. तिला कळलं नाही, त्यामुळे त्यातही काही मजा आली नाही.

२३ फेब्रुवारी

विसरायला लागल्यापासून ती माझ्याशी फार गोड वागते. शुद्धीत होती तेव्हा "लाय, फुलं शिळी आहेत," "लाय, आवाज खाली," एवढंच बोलणं. आता हात धरून शेजारी बसवते आणि संसारातलं गुपित सांगते. कुणाला, तर सवतीला!

आज म्हणाली, "हे दर अवसेला माझे केस धुतात. शिकेकाईचं पाणी स्वतः उकळतात, त्यात पपनसाची साल टाकतात. हात इतका हलका की मला तिथंच झोप लागते."

माझे केस त्यांनी कधी धुतले नाहीत. माझे केस तेव्हा गुडघ्यांपर्यंत होते, सगळ्या बेटावर तसे कुणाचे नव्हते. मी म्हटलं, "काहीतरी खोटं सांगू नका."

"खोटं?" ती हसली. "मी पंचशील घेतलंय ग. जीव मारणार नाही, खोटं बोलणार नाही. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळायचंय?"

खरंच आहे ते. बाईच्या तोंडून मी आजवर खोटं ऐकलेलं नाही. कर वसूल करणारा दारात आला तरी ही "मालक घरात आहेत" असं सांगून मोकळी व्हायची.

असो. केस धुतले असतील. पण एक गोष्ट माझ्याजवळ आहे, ती तिच्याजवळ नाही. तिला वडीलधाऱ्यांनी पत्रिका बघून आणली. मला त्यांनी स्वतः निवडलं. धक्क्याजवळ मी कावड टेकवून बसले होते. ते आले, उकडलेल्या शिंपल्यांचं पाणी मागितलं. एक वाटी प्याले, दुसरी, तिसरी. माझ्याकडे बघत होते. महिनाभरात पानसुपारीचं ताट घेऊन मागणी आली. रीतीप्रमाणे थोरली स्वतः आली होती, ओठ घट्ट मिटून. नवऱ्याचं मन बसल्यावर तिचं काय चालणार? घर तिचं, अगरबत्त्यांचं दुकान तिच्या बापाचं, देव्हारा तिचा, मुलगाही तिचाच म्हणा. पण त्यांचं मन माझ्यावर बसलं. एवढ्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली.

४ मार्च

आज त्यांचं श्राद्ध. मी देव्हाऱ्यापुढं ताटं मांडत होते. थोरली आली आणि म्हणाली, "एवढं सगळं कुणासाठी?"

बाओनं सांगितलं, "मा, आज बाबांचं श्राद्ध."

ती मटकन खाली बसली. "कधी? मला कुणी सांगितलं नाही!" छाती बडवून रडली. बाओनं तिला कुशीत घेतलं, सून पाणी घेऊन धावली, शेजारपाजारच्या बायका डोळे पुसायला लागल्या. तासाभरानं विसरली. पुन्हा ताटं बघितली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच.

मला एकदाच विधवा होता आलं. ही दिवसातून दोनदा होते, आणि दोन्ही वेळा सगळं घर तिच्याभोवती. माझ्याकडे बघून कुणी "मावशी, तुम्ही जेवलात का?" एवढंही म्हणालं नाही.

बाओ म्हणतो डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, "नव्वदीत आणखी काय होणार? पिकलं पान आहे." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मीच ते पान तोडायला निघाले होते.

९ मार्च

वैद्यकीय कॉलेजची माणसं आली. पंचाऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांची आठवण तपासतात आणि रक्त नेतात. डॉक्टरीणबाई अगदी पोरसवदा, खुए नावाची. थोरलीपुढं पाट घेऊन बसली.

"आजी, तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं. छत्री, म्हैस, दिवा. आता सांगा, कितवं साल चालू आहे?"

"ते तुम्ही शिकलेल्यांनी बघायचं. गावात राजेसाहेब आहेत ना, त्यांच्याकडे पंचांग असतं."

"बरं. मघाचे तीन शब्द?"

थोरली म्हणाली, "परत मागायचेच होते, तर दिलेस कशाला?"

सगळे हसले. डॉक्टरीणबाईसुद्धा. मग तिनं थोरलीची जीभ बघितली. लाल आणि गुळगुळीत, तिखट लागलेल्या पोरासारखी. तळपायांना मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, सगळं विचारलं. खाण्यापिण्याचं मी सांगितलं: तीस वर्षं मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दूधही नाही. भात, भाजी, सोयाबीनचं पनीर, अळंब्या. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी, पळीसुद्धा वेगळी.

मी म्हटलं, "माझंही रक्त घ्या की."

"मावशी, तुम्ही अजून पंचाऐंशीच्या झाला नाहीत," म्हणे.

इथंही ती थोरली.

१० मार्च

छत्री, म्हैस, दिवा. दुसऱ्या दिवशीही मला येतं. पण विचारतो कोण?

१६ मार्च

आज मी मुद्दाम विचारलं, "बाई, इतकी वर्षं एवढं कडक व्रत कशासाठी हो?"

इकडेतिकडे बघून तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "कुणाला सांगू नकोस. पुढच्या जन्मी हे मला परत मिळावेत म्हणून. आम्ही दोघंच. मधे तिसरं कुणी नको."

माझ्या हातलं पाखडायचं सूप पडलं.

म्हणजे तीस वर्षं ही रोज पहाटे उठून, पालापाचोळा खाऊन, मला पुढच्या जन्मातून हाकलत होती! आणि तिच्या व्रताला बट्टा लागू नये म्हणून तिची पळी वेगळी ठेवणारी, माझ्या चुलीवरचा मासळीचा वास तिच्या भाताला लागू नये म्हणून खिडकी उघडी टाकून थंडीत कुडकुडणारी मी! माझ्याच हातानं माझी हकालपट्टी रांधत होते मी.

राग राग झाला. डोकं अजून भणभणतंय.

१७ मार्च

सकाळी बेटावर गेले. भाच्याच्या बायकोनं टोपलीभर शिंपल्या दिल्या. "आत्याबाई, फार दिवसांनी इच्छा झाली?" म्हणाली. म्हटलं, "झाली."

घरी येऊन उकडल्या. ते दुधाळ करडं पाणी गाळून घेतलं, थोरलीच्या अळंब्यांच्या सुपात ओतलं आणि वास झाकायला वरून आलं किसून घातलं. तिच्याच चुलीवर, तिच्याच भांड्यात.

पहिल्या घोटाला ती थांबली. मला वाटलं, ओळखलं. मग दोन्ही हातांनी वाटी धरून तिनं ती संपवली आणि आतून बोट फिरवून चाटली. "अजून आहे?"

आहे की. उद्याही आहे, परवाही आहे. रोज एक वाटी, रोज थोडं पुण्य कमी. बघू पुढच्या जन्मी कोण कुणाला मिळतं ते. पाप मला लागेल ते लागू दे. नरकात निदान ही शेजारी नसेल.

२५ मार्च

रोज देतेय. बारीक शिंपल्याही ठेचून घालते आता, अळंब्यांत कळत नाहीत. वाटी यायची वेळ झाली की ती मांजरासारखी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसते. "तुझ्या हाताला चव आहे ग," म्हणाली. शुद्धीत असताना सत्तावन्न वर्षांत हे वाक्य कधी निघालं नाही.

मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

२ एप्रिल

हे लिहू की नको. लिहिते.

दुपारी पायाला तेल चोळत होते. थोरली एकदम म्हणाली, "तू बेटावरची ना? मग तुला ठाऊक असेल. धक्क्याजवळ एक लाय नावाची पोरगी बसते. कशी आहे स्वभावानं?"

मी म्हटलं, "का हो?"

"आमच्या ह्यांच्यासाठी बघतेय."

मी हात थांबवला नाही. ती सांगत गेली. "हे ऐकतच नाहीत. म्हणतात, मूल नसलं तर नसलं, मला दुसरी नको. रडले ग, पुरुषमाणूस असून. मी पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू? मग मी स्वतःच बाहेर पडले. चार वेळा त्या पोरीकडे जाऊन पाणी प्याले, नुसतं तिला बघायला. कावड उचलते पुरुषासारखी. भांडते खणखणीत. आणि हसते किती! आमच्या घरात कुणी हसत नाही. म्हटलं, हीच आणायची. ह्यांना काही बोलले नाही, नुसतं म्हटलं, एकदा जाऊन तिच्याकडचं पाणी पिऊन या."

"मग? गेले?"

"गेले, माझ्यासाठी."

"आल्यावर काय म्हणाले?"

थोरलीनं थोडा विचार केला. "म्हणाले, मीठ जास्त होतं."

३ एप्रिल

मीठ जास्त होतं, तर तीन वाट्या कशाला प्याले?

म्हातारी बरळते. राजेसाहेब अजून गावात आहेत म्हणणाऱ्या बाईचं काय धरून बसायचं!

४ एप्रिल

खारट प्यायल्यावर तहान लागते. म्हणून तीन प्याले असतील.

११ एप्रिल

आठवडाभर तिच्याकडे बघितलं नाही. वाटी मात्र चुकवली नाही. आधी हट्टानं देत होते, आता हात आपोआप ओततो.

पानसुपारीचं ताट घेऊन ती आली होती तो दिवस आठवून आठवून डोकं शिणलं. ओठ मिटलेले होते, खरं. पण बाहेर पडताना तिनं माझ्या आईला विचारलं होतं, "हिला काय खायला आवडतं?" नवऱ्यानं ढकलून पाठवलेली बाई असं विचारेल? का विचारू नये? रीत असेल. मोठ्या घरच्या बायकांना रीती फार.

तिनं मला निवडलं असेल, तर मी सत्तावन्न वर्षं नेमकी कुणावर जळत होते?

छे. खोटंच ते.

२० एप्रिल

आज सकाळी देव्हाऱ्याजवळून आवाज आला, "लाय! फुलं शिळी आहेत."

हातातली परात ठेवून धावत गेले. थोरली उभी होती, काठीशिवाय. "अशी काय बघतेस? ताजी आण."

बाओला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. "मावशी, मा बरी होतेय!" मठातल्या भिक्खूंनी तिच्यासाठी पाठ केले होते, त्याचा गुण म्हणतो. असेल. माझ्या तरी काही लक्षात येत नाही. मी तिचं पुण्य पळवतेय आणि देव तिला अक्कल परत देतोय, हा कसला न्याय?

दुपारी पुन्हा शिंपलेवाली झाले, पण थोडाच वेळ.

६ मे

डॉक्टरीणबाई रक्ताचा निकाल घेऊन आली. लिहिताना हसू येतंय आणि रडूही.

"बी-बारा नावाचं जीवनसत्त्व आजींच्या रक्तात जवळजवळ नव्हतंच," ती बाओला म्हणाली. "ते पालेभाजीत नसतं. मांस, मासळी, अंडी, दूध, यांत असतं. शिवाय या वयात पोट ते नीट शोषत नाही. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, माणूस विसरायला लागतं. सगळेच म्हातारे त्यानं विसरतात असं नाही, पण आजींच्या बाबतीत मोठं कारण तेच दिसतंय. इंजेक्शनं घेऊ."

मग तिनं थोरलीला पुन्हा तीन शब्द दिले. थोरलीनं दोन परत केले. डॉक्टरीणबाई कागद बघते, थोरलीकडे बघते, पुन्हा कागद बघते. "आधीच एवढा फरक? मधल्या काळात अंडी-मासळी काही सुरू केलं का?"

बाओ म्हणाला, "छे! आमची मावशी मा-च्या चुलीला दुसरी पळीसुद्धा लागू देत नाही."

"नवल आहे. तसं सगळ्यांत जास्त शिंपल्यांत असतं," डॉक्टरीणबाई सहज म्हणाली. "तुमच्या ह्वेच्या त्या बारीक शिंपल्या असतात ना."

मी चूल फुंकायला म्हणून आत गेले. चूल पेटलेलीच होती.

तिची तीस वर्षं लुटायला गेले आणि तिचं डोकं तिच्या हातात आणून दिलं! माझ्याइतकी नालायक सवत शोधून सापडायची नाही.

७ मे

पण आता ठरलं. ती पूर्ण शुद्धीवर यायलाच हवी. धुक्यातल्या बाईनं सांगितलेलं मी मानणार नाही, आणि विसरूही शकणार नाही. शुद्धीवरची विएन खोटं बोलत नाही. तिच्याच तोंडून ऐकायचं: त्यांनी निवडलं की तिनं. मग जे असेल ते असो.

१५ मे

बाओला ऑफिस आहे, म्हणून सायकलरिक्षातून मीच नेते. इंजेक्शन लालभडक असतं. थोरलीनं बाटली बघितली आणि हात मागं घेतला. "हे कुणाचं रक्त?"

"रक्त नाही, आजी. जिवाणूंपासून बनवतात."

"त्यांना जीव नसतो?"

मी म्हटलं, "ताई, औषधाला पंचशील लागू नसतं. तू तिकडं बघ. टोच ग बाई तू."

तिनं तिकडं बघितलं आणि माझा हात धरला. नखं रुतेपर्यंत.

शिंपल्यांचं पाणी कालपासून बंद केलं. आता गरज नाही.

३ जून

उन्हानं रस्ता भाजतोय. एकदाही नागा केला नाही. शेजारीण म्हणाली, "लायताई, सख्ख्या बहिणी करत नाहीत इतकं तुम्ही सवतीचं करता."

म्हटलं, "माझं तिच्याकडे काम आहे."

डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, सगळंच परत येईल असं नाही. या वयात काही येतं, काही गेलं ते गेलं. मला हवं तेवढं आलं की पुरे.

१२ जून

थोरलीला बाओची पहिली शाळा आठवली, दुकानातल्या नोकरांची नावं आठवली. हे गेले तेही आठवलं. या वेळी मोठ्यानं रडली नाही. देव्हाऱ्यापुढं बराच वेळ बसली आणि मग मला म्हणाली, "तूही बस." मी बसले.

आता माझ्याशी फारसं बोलत नाही. केस धुतल्याच्या गोष्टी बंद. "लाय, आवाज खाली." शुद्धीवर आली म्हणायची. खरं सांगायचं तर ती शिंपलेवालीची मैत्रीण मला अधूनमधून आठवते.

२४ जून

जेवताना थोरली म्हणाली, "अळंब्यांचं सूप हल्ली पूर्वीसारखं होत नाही."

मी विचारलं, "कसं होत नाही?"

"मधे खारट असायचं. पण बरं लागायचं." आणि ती भात कालवायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही.

हिला काय काय आठवतं? विचारायची छाती झाली नाही.

२ जुलै

आज विचारलं.

अंगणात दोघी कमळबिया सोलत होतो, आतला हिरवा कडू कोंब काढत. मुलं-माणसं कुणी नव्हती. मी म्हटलं, "ताई, आजारात माझ्याशी काय काय बोलायचीस, आठवतं तुला?"

"नाही," ती लगेच म्हणाली.

"मग एक विचारते. मला कुणी निवडलं? त्यांनी, की तू?"

तिचे हात थांबले. "आता हे कशाला?"

"अठ्ठ्याहत्तर झाले मला. आणखी कधी विचारू?" आवाज माझाच मला ओळखू येईना. "घर तुझं, मुलगा तुझा, सगळं तुझं. मी कधी काही मागितलं नाही. एवढं एकच माझं होतं. ते आहे की नाही, तेवढं सांग. नसलं तर नाही म्हण, मी रडणार नाही."

मी आधीच रडत होते.

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. मग गळ्यातली जपमाळ काढली आणि नीट गुंडाळून कमळबियांच्या सुपाच्या पलीकडे ठेवली. ती कधी काढत नाही, पण आज उकाडा फारच होता.

"त्यांनी," ती म्हणाली. "एक दिवस बाहेरून आले ते जेवलेच नाहीत. म्हटलं, बरं नाही का? तर म्हणाले, नदीवर एका पोरीच्या हातचं शिंपल्यांचं पाणी प्यालोय, ती चव तोंडातून जाऊ द्यायची नाही. मी महिनाभर रडले, भांडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी ताट घेऊन यावंच लागलं मला."

"मीठ जास्त नव्हतं?"

"नाही ग. मीठ अगदी बेताचं होतं म्हणाले."

मी पदर तोंडात कोंबून रडले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं विजयी बाईच्या पाठीवर ठेवावा तसा नाही. मोठीनं धाकटीच्या पाठीवर ठेवावा तसा. हरलेली माणसं कधी कधी फार मोठ्या मनानं वागतात, हे मला आज कळलं. मला तिची कीव आली. उद्यापासून तिच्या सुपात आलं जास्त घालीन, तिला आवडतं.

तर हे असं आहे. मला त्यांनीच निवडलं. डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा थोरली काय वाटेल ते बरळत होती. ठिकाणावर आलं आणि खरं तेच तोंडातून निघालं. इंजेक्शनांचा गुण. मी उगाच तीन महिने जिवाला घोर लावून घेतला.

फक्त एक बारीकशी गोष्ट. संध्याकाळी ती देव्हाऱ्यापुढं क्षमापाठ करायला बसली. झाल्या चुकांची क्षमा मागायचा तो पाठ. तो पुनवेच्या आणि अवसेच्या आदल्या दिवशी करतात, आणि आज यांतलं काहीच नाही. बाओ म्हणाला, "मा, आज कसला पाठ?" तर म्हणाली, "एक राहिला होता." गुडघे दुखत असताना कितीतरी वेळ वाकून नमस्कार करत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती ते बरोबर. सगळंच काही परत येत नाही. थोरलीला तिथी अजून आठवत नाही, पण जुनं सगळं लख्ख आठवतं.